गोधडीचं वजन

सदाशिव पेठेत आल्यागेल्याला पाणी विचारत नाहीत, असं बाहेरचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी, क्लासच्या आणि खानावळींच्या पाट्यांच्या गर्दीत, डॉ. श्रीनिवास यांचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे, आणि तिथे गेली पस्तीस वर्षं पाण्याशिवाय दुसरं काही विचारतच नाहीत. किती प्यायलं? पोटात राहिलं का? लघवी किती केली? गादीवर केली असेल तर गादी किती भिजली? दारावर पाटी आहे: ‘आपला कुत्रा चावत नाही, हे आम्हाला सांगू नये. कुत्र्याला सांगावे.’ पाटी वाचून जो हसतो त्याचं जनावर बरं होण्याजोगं असतं, असा डॉक्टरांचा अनुभव. ज्याचं जनावर खरोखर टेकलेलं असतं त्याचं पाटीकडे लक्षच जात नाही.

असं टेकलेलं जनावर टेबलावर आलं की त्याला पहिली बोटं लागायची ती डॉक्टरांची नव्हेत, कमरजहांची.

कमरजहां बावीस वर्षांपूर्वी इथे फरशी पुसायला आली. शिक्षण सातवी, त्यातही गणितात कायम काठावर. कुत्र्यांची भीती तर अशी, की पहिल्या दिवशी ती एका पामेरियनला घाबरून स्टुलावर चढली होती. पण महिन्याभरातच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ही बाई पुसता पुसता पिंजऱ्यात बघते आणि बघितलेलं विसरत नाही. मग त्यांनी तिला शिकवलं. मानेवरची कातडी चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. अंगात पाणी असेल तर ती झटकन जागेवर बसते. नसेल तर उचललेली तशीच उभी राहते, रेंगाळते. हिरडीला बोट लावायचं. ओली लागते की चिकट, ते बघायचं. ती दाबून सोडायची आणि पांढऱ्याची गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचं. पंजे हातात घ्यायचे. मांजराचे पंजे गार पडले असतील तर गप्पा बंद, आधी ऊब आणि सलाईन. दोन-तीन वर्षांत असं झालं, की डॉक्टर चष्मा पुसत विचारायचे, “काय कमरबाई, किती?” आणि ती म्हणायची, “आठ टक्के सुकलंय, साहेब.” मग डॉक्टर स्वतः तपासायचे आणि कागदावर आठच लिहायचे. कधी सात लिहायचे, आपणही डॉक्टर आहोत हे दिसावं म्हणून.

मात्र पुढचा सगळा हिशोब वजनावर. किलोमागे किती सुकलं, किती भरून काढायचं, दिवसाला किती लागेल, हे सगळं वजनावर ठरतं. आणि सलाईन चालू झाल्यावरही वजनच सांगतं, की घातलेलं पाणी अंगी लागतंय, बाहेर जातंय की नुसतंच साठतंय. अडीच-तीन किलोच्या जिवात शंभर ग्रॅमसुद्धा थोडे नाहीत. पण मांजर काही काट्यावर शहाण्यासारखं उभं राहत नाही. म्हणून या दवाखान्याची एक रीत होती. मांजराला त्याच्या घरच्याच फडक्यात गुंडाळून ठेवायचं, घरच्या वासाने ते गप्प राहतं, तसंच वजन करायचं, आणि मग फडकं वेगळं तोलून वजा करायचं. फडकं वजा केल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. बावीस वर्षांत कमरजहां हे एकदाही विसरली नव्हती. तेवढं गणित तिला पुरेसं होतं.

आता तिच्या घरची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय त्या सोमवारचं काही कळायचं नाही.

मोमीनपुऱ्यात दोन खोल्या. मुलगी उम्मेहानी लग्न होऊन सोलापूरला. घरात नवरा, अल्लाबक्ष. एकेकाळी त्याच्या हातच्या बांधणीची वही उलटी टांगली तरी पान सुटत नसे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. बुधवारी आणि शनिवारी डायलिसिस. लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच मुक्काम करतं. आधी पायांत, मग पोटात, मग छातीत. म्हणून दिवसाला पाणी ठरलेलं. चहा, आमटी धरून पाऊण लिटर. कमरजहां रोज सकाळी सलाईनची एक धुतलेली रिकामी बाटली अर्ध्या लिटरच्या रेघेपर्यंत भरून त्याच्या उशाशी ठेवायची. बाटली दवाखान्यातली, रेघा छापलेल्याच.

बाहेर मे महिना. खडकवासल्याचं पाणी कमी झालं म्हणून गुरुवारी नळ बंद, त्यावरून अख्खी गल्ली बोंबलते, आणि या माणसाला सातही दिवस गुरुवार. तो खिडकीशी पडून बर्फाच्या गाड्याची घंटा ऐकायचा. कमरजहां घरी आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “आज कुणाला किती?” घरात ते दोघं दखनीत बोलतात; आपण मराठीत ऐकू, त्यांची हरकत नसावी. ती सांगायची, “एक लॅब्रेडॉर आला होता, हगवणीने सुकलेला. दोन लिटर गेलं.” “दोन लिटर!” तो डोळे मिटून म्हणायचा. लोक दुसऱ्याच्या घरच्या लग्नाचं जेवण ऐकतात, तसं तो ऐकायचा.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती दोघांपैकी कुणीही बोलत नसे. रोज सकाळी ती त्याला घरातल्या काट्यावर उभं करायची आणि आकडा डायलिसिसच्या कार्डावर लिहायची. उभं राहताना तो डावा हात कपाटाच्या कोपऱ्यावर टेकवायचा. “तोल जातो,” म्हणायचा. हात टेकला की काटा कमी दाखवतो, हे कुत्री तोलून आयुष्य गेलेल्या बाईला सांगायला हवं का? हॉस्पिटलमध्ये वजन दरवेळी दीड-दोन किलोने जास्त भरायचं. मग घरी येताना रिक्षात तो म्हणायचा, “त्यांचा काटा जड दाखवतो.” ती म्हणायची, “हो, जुना झालाय.” तो चोरून पितो हे तिला ठाऊक होतं, तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, की दोन डायलिसिसच्या मध्ये दोन किलोच्या वर वजन नको, हृदय थकलंय, एखाद्या वेळी छातीत पाणी होऊन घरीच जाईल. ती ऐकायची, मान हलवायची, आणि दुसऱ्या सकाळी कपाटावरच्या हाताकडे न बघता आकडा लिहायची. तेवढं तरी त्याचं स्वतःचं असू दे, असं तिला वाटायचं. घरात ती पाण्यावरची पहारेकरीण. दोघं एकाच कोठडीत, फक्त किल्ली तिच्याकडे. आणि किल्ली असलेल्यालाही बाहेर जाता येत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नोकरीचीही तीच तऱ्हा. डॉ. श्रीनिवास गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी होते आणि दवाखाना त्यांची सून डॉ. स्पृहा बघत होती. मुलगी हुशार आणि कष्टाळू. वाईट म्हणायला जागा नाही, हीच पंचाईत. तिने थेंब मोजणारे पंप आणले, रोज सकाळी वजन लिहायचे तक्ते आणले आणि शिकलेला सहायक हवा म्हणून जाहिरातही दिली. जाहिरात कमरजहांने स्वतःच दारावर चिकटवली. बुधवार-शनिवार सुट्टी देणारी दुसरी जागा अख्ख्या पुण्यात मिळणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. चिकटवताना तिने चारही कोपरे नीट दाबले.

त्या सोमवारी पहाटे तिला जाग आली ती नळाच्या आवाजाने. मोरीत अल्लाबक्ष ओणवा झाला होता, तोंड नळाला लावलेलं, आणि तो पीत होता. वासरासारखा, आवाज करत. तिने खांद्याला धरून ओढलं. तो सोडेना. बासष्ट वर्षांचा माणूस आणि पन्नाशीची बाई, मोरीत झोंबत होती. शेवटी त्याचा हात सुटला, तो भिंतीशी बसला आणि धापा टाकत म्हणाला, “कुत्रा म्हणून आणलं असतं मला कुणी तुझ्या दवाखान्यात, तर पाजलं असतंस पोटभर.”

 तिने चहा केला नाही. त्याला काट्यावर उभं केलं नाही. बाटली भरली, पिशवी उचलली आणि निघाली.

दवाखान्यात मथुराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त, कर्वेनगरला एकट्या राहणाऱ्या, आवाज अजूनही ‘नंबर प्लीज’ म्हणणारा. मांडीवर जुन्या लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळलेली खारी. खारी म्हणजे त्यांची मांजर, बिस्किटाच्या रंगाची, चौदा वर्षांची. तीन दिवस उलट्या, अन्नपाणी बंद.

“अहो बाई, आपण आठला उघडता म्हणून मी साडेसातला आले. आपण सव्वाआठला आलात. कारण विचारत नाही, मांजर बघा.”

कमरजहांने बघितलं. कातडी उभीच्या उभी राहिली. हिरडी चिकट, पंजे गार. “आठ टक्के,” ती पुटपुटली आणि खारीला गोधडीसकट काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे साठ. आता खारीला टेबलावर घ्यायचं, गोधडी काट्यावर टाकायची. तेवढ्यात फोन वाजला. अल्लाबक्षचा.

“बाटली कुठाय?”

“उशाशी.”

“उशाशी नाही.”

तिने पिशवीत हात घातला. बाटली पिशवीत होती. भरलेली, झाकण लावलेली. त्याचं दिवसभराचं पाणी ती घेऊन आली होती.

“घेऊन गेलीस?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. “शिक्षा म्हणून?”

“नाही हो. चुकून.” म्हणताना तिलाच खात्री वाटेना. “शेजारून अर्धा पेला मागा. अर्धाच. मी दुपारी येऊन जाते.”

“मावशी, वजन?” आतून स्पृहाने विचारलं.

“तीन दोनशे साठ,” कमरजहां म्हणाली.

बस्स, एवढंच झालं. स्पृहाने आकडा लिहिला, तपासलं, रक्त काढलं. किडन्या अशक्त, अंग सुकलेलं. आधी सलाईनची बाटली कोमट करून थोडं भरभर, मग पंपावर हळूहळू. खारीचे पंजे संध्याकाळपर्यंत उबदार झाले, तिने मान उचलून पिंजऱ्याच्या दाराकडे बघितलं. गोधडी उलटीने घाण झाली होती. कमरजहांने ती धुऊन गच्चीवर टाकली. दुपारी ती धावत जाऊन घरची बाटली उशाशी ठेवून आली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर अल्लाबक्षने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, “आज कुणाला किती?” तिने सांगितलं. “एका मांजराला एवढं?” तो म्हणाला, आणि भांडण मिटलं. मिटलं म्हणजे काय, दोघांनी ते कपाटाच्या कोपऱ्यावर टेकवून ठेवलं.

मंगळवारी सकाळी खारी शांत होती, गोधडीची गरज लागली नाही. कमरजहांने तिला तशीच काट्यावर ठेवली. दोन किलो नऊशे ऐंशी. स्पृहाने तक्ता बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काल तीन दोनशे साठ. रात्रभर सलाईन जाऊनसुद्धा पावणेतीनशे ग्रॅम कमी? म्हणजे जेवढं देतोय त्यापेक्षा जास्त जातंय. लघवी मोजली?”

“कमीच केलीये, मॅडम. एक फडकं ओलं.”

“मग सांडली असेल कुठेतरी. आपण मागे पडतोय.” तिने पंपाचा वेग वाढवला. हिशोब बरोबर होता. उगाच कुणी तिला नावं ठेवू नयेत. त्या दोन आकड्यांवर कुणीही शहाण्या डॉक्टरने तेच केलं असतं.

अकराला उन्हाने कोसळलेला एक बुलडॉग आला आणि स्पृहा त्यात अडकली. कमरजहां दर अर्ध्या तासाने खारीच्या पिंजऱ्यात हात घालत होती. सकाळी मिनिटाला अठ्ठावीस श्वास होते. बाराला छत्तीस. एकला चव्वेचाळीस. नाकाशी पाण्याचा बारीक थेंब. तिने मानेखाली बोटं फिरवली तर कातडीखाली भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं. हे तिने कुठे बघितलं होतं ते आठवायला वेळ लागला नाही. मंगळवारी संध्याकाळी अल्लाबक्षच्या घोट्यांवर ती तेल चोळायची, तेव्हा बोटांना हेच लागायचं.

“मॅडम, पाणी जास्त होतंय.”

स्पृहा बुलडॉगवर ओला टॉवेल फिरवत होती. “पुन्हा वजन करा.”

तीन किलो नव्वद.

“बघा. वाढतंय, पण अजून कालच्यापेक्षा पावणेदोनशे कमीच आहे. श्वास उकाड्याने वाढला असेल. मी दहा मिनिटांत बघते.” मग जरा मऊ आवाजात, “मावशी, नुसत्या हाताच्या अंदाजावर सलाईन नाही ठरवता येत. वजन खोटं कसं असेल? तुम्हीच केलंयत ना?”

“मीच केलंय,” कमरजहां म्हणाली.

आणि ती गच्चीवर गेली, गोधडी आणायला. खारीला घरच्या वासाची गरज होती, एवढंच डोक्यात होतं. उन्हात गोधडी कडक वाळली होती. तिने ती तारेवरून ओढली आणि हातावर घेतली. बावीस वर्षं जिवंत वजनं उचलणाऱ्या हाताला ती जड लागली.

काल हिला तोललं का आपण?

ती जिना उतरली. समोरच्या खोलीत कुणी नव्हतं. गोधडी काट्यावर टाकली. चारशे साठ ग्रॅम.

म्हणजे काल खारी तीन दोनशे साठ नव्हतीच. दोन किलो आठशे होती. सकाळपर्यंत तिचं वजन कमी झालं नव्हतं, वाढलं होतं; हवं तेवढं भरलं होतं. आणि तेव्हापासून आपण ते मांजर बुडवत होतो.

कमरजहां काट्यासमोर उभी राहिली. खोटं कशाला सांगू, तिच्या मनात पहिलं आलं ते मांजर नव्हे. पहिली आली दारावरची जाहिरात. मग बुधवार. मग शनिवार. गोधडी तिच्याच हातात होती. घडी करून पिंजऱ्यात ठेवली तर आकड्याचं कोडं जन्मभर सुटणार नव्हतं. किडनीची चौदा वर्षांची मांजर, गेली तर कुणी बोट दाखवणार नाही. दहा मिनिटांत स्पृहा येणारच आहे, तिला आपोआप कळेल. कळेलच. त्यांचा काटा जड दाखवतो. हो, जुना झालाय. आपल्याला हे किती सरावाने येतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

आत खारी खोकली. एकदाच, ओला खोकला.

कमरजहांने जाऊन पंपाचं बटण दाबून तो बंद केला. या यंत्रांना हात लावायची तिला परवानगी नव्हती. पंप किंचाळायला लागला, स्पृहा धावत आली.

“गोधडी वजा करायची राहिली, मॅडम,” कमरजहां म्हणाली. “काल. माझ्याकडून. खारी दोन आठशेची होती. चूक माझी आहे.”

 स्पृहाने मनात वजाबाकी केली, तिचा चेहरा उतरला, आणि ती कामाला लागली. लघवी करवणारं इंजेक्शन, ऑक्सिजन, खारीला छाती खाली टेकवून बसतं करून. कमरजहां श्वास मोजत राहिली. अठ्ठेचाळीस. पन्नास. शेचाळीस.  पावणेचारला खारीच्या खालचं फडकं भिजलं, आणि दोन बायका त्या ओल्या फडक्याकडे अशा बघत होत्या, की कुणी तिसरा आला असता तर त्याला या दोघींना वेड लागलंय असं वाटलं असतं.

चारला मथुराबाई आल्या. स्पृहा तोंड उघडायच्या आत कमरजहांनेच सगळं सांगितलं. मथुराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे माझी गोधडी आपण मांजरात धरलीत.”

“हो, बाई.”

“चाळीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले. चुकीचा लागला की लोक शिव्या द्यायचे. पण ‘चुकीचा जोडला’ असं मी आपणहून सांगितल्याचं मला एकदाही आठवत नाही.” त्या पिंजऱ्याशी वाकल्या. चष्म्याआडून डोळे पुसले. मग सरळ होऊन म्हणाल्या, “आता श्वास किती?”

“अडतीस.”

“मी बसते. आपण मोजा. आणि ती गोधडी इकडे द्या, पुन्हा कशात धरायला नको.”

निघताना स्पृहाने कमरजहांला थांबवलं. “उद्या तुमची सुट्टी ना? परवा बोलू आपण.” एवढंच. त्यात राग होता की नव्हता, हे कळायला कातडी चिमटीत धरून बघण्याची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी अल्लाबक्षने विचारलं, “आज कुणाला किती?”

“जास्त झालं,” ती म्हणाली, आणि पुढे सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी तिने काटा खोलीच्या मध्ये ओढला, मग परत कपाटाशी ठेवला. जागा बदलून फसवायचं नव्हतं तिला. तो नेहमीसारखा चढला, डावा हात कोपऱ्यावर. काट्यावर साठ किलो शंभर ग्रॅम.

“हात काढा,” कमरजहां म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. तीन वर्षांत हे दोन शब्द या खोलीत कुणी उच्चारले नव्हते.

“तोल जातो.”

“जाऊ दे. मी धरणार नाही. मी धरलं तर तेही खोटंच होईल.”

बराच वेळ त्याने हात काढला नाही. खाली बोळात कुणीतरी बादल्या भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मग एकेक बोट सुटलं. काट्यावरचे आकडे पळाले आणि थांबले. बासष्ट तीनशे.

“किती दिवस दिसत होतं तुला?” त्याने काट्याकडे बघतच विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

तेवढं तरी तुमचं असू दे म्हणून, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण कालच्या त्या ओल्या खोकल्यानंतर हे कारण तिला स्वतःलाच पटेना. “भ्यायले,” ती म्हणाली. आणि रडली.

तो काट्यावरून उतरला. कार्ड त्यानेच कोनाड्यातून काढलं आणि पेनासकट तिच्यापुढे धरलं. तिने बासष्ट तीनशे लिहिलं.

रिक्षात तिचा मोबाइल वाजला. स्पृहाचा मेसेज होता: ‘खारी २ किलो ८४०. गोधडीशिवाय. श्वास २६. उद्या आठला या, सव्वाआठला नाही.’ तिने तो दोनदा वाचला. त्यातून नोकरी टिकली असं म्हणावं की नुसतं उद्या आठला बोलावलंय असं म्हणावं, तिला ठरवता येईना. तिने फोन पिशवीत ठेवला. पिशवीत आज बाटली होती, बाटलीत अर्धा लिटर होतं, आणि उद्याही तेवढंच असणार होतं.

हॉस्पिटलमधल्या पोराने अल्लाबक्षला काट्यावर घेतलं. कार्डाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे. “बासष्ट चारशे,” तो म्हणाला. “आज जुळलं की, चाचा.”

“हो,” अल्लाबक्ष म्हणाला. “काटा दुरुस्त करून घेतलेला दिसतोय तुम्ही.”

पोराला काही कळलं नाही. कमरजहांला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने त्याच्या चपला उचलल्या, कारण पुढचे चार तास त्याला जागचं हलता येणार नव्हतं.